आप्पांची पहिली फेरी

लेखणी हाती धरण्याचा मला अधिकार नाही, हे मी जाणून आहे. साठीत लिहू लागलेल्या माणसाचे हे धाडस वाचकांनी पोटात घालावे. परंतु आमच्या कचेरीतील आप्पांविषयी कोणीतरी लिहावयास हवे, आणि दुसरे कोणी लिहिताना दिसत नाही.

सुरतेत भेस्तानच्या एका लग्नात सारे ताटे घेऊन रांगेत उभे असता आप्पा रिकाम्या हातांनी प्रत्येक टेबलापाशी फिरून आले. ‘‘पहिली फेरीमा फक्त देखानं, भाऊ. हात लावाना नही!’’ दुसऱ्या फेरीस निघेपर्यंत जिलबी संपली. ‘‘जिलबी सरनी,’’ ते प्रसन्नपणे म्हणाले, ‘‘पन चूक नही व्हयनी!’’

बमरोलीच्या आमच्या छपाई गिरणीत साड्यांच्या नक्ष्यांचा संगणक आप्पा सांभाळतात. फोल्डरात फोल्डर, त्यात आणखी फोल्डर. गेल्या महिन्यात जागा संपली, तेव्हा शेठांनी फर्मावले, ‘‘आप्पा, जे डिझाइन छपाई ज नथी, ए बधी शनिवार सुधीमां काढी नाखो.’’ म्हणजे कधीच न छापलेल्या साऱ्या नक्ष्या शनिवारपर्यंत काढून टाकायच्या.

उतारवयात शिकलेल्या पायथनमध्ये आप्पांनी एक प्रोग्राम लिहिला. तो प्रत्येक फोल्डरात शिरे, तळापर्यंत उतरे आणि अशा प्रत्येक नक्षीचा क्रमांक पडद्यावर लिही. पुसण्याची ओळ मात्र त्यांनी बंद ठेवली होती. गुरुवार आला, तरी पहिलीच फेरी!

‘‘आता पुसा की, आप्पा!’’ मी म्हणालो.

‘‘मन्ही सुमननी एक वेल काढेल व्हती, भाऊ,’’ ते पडद्याकडेच पाहत म्हणाले. ‘‘वही वाळवीनं खाल्ली. वेल स्कॅन करीसन आठेच कोठेतरी ठेयेल शे. सापडल्याबिगर कसं पुसू?’’

सुमनवहिनींना जाऊन सहा वर्षे झाली आहेत. मी लिहायची कचेरीची पत्रे बाजूला ठेवली, खुर्ची ओढली, आणि आम्ही एकेक फाइल उघडू लागलो. शेठ दारातून ओरडले, ‘‘आप्पा, आ फेरी छे के परिक्रमा?’’

शनिवारी दुपारी, फोल्डरांच्या नवव्या पायरीवर, ‘नवीन फोल्डर’ नावाच्या फोल्डरात ती सापडली. असे नाव ठेवणाऱ्या पोरांना आप्पा एरवी विचारतात, ‘‘लेकराचं नाव ‘नवीन लेकरू’ ठेवशील का?’’ आता ते स्वतःचेच कान धरून हसले.

वेल थोडी वाकडी होती. टोकाशी दोन कळ्या. ती त्यांनी बाहेर काढून ठेवली, बंद ओळ उघडली, आणि क्षणार्धात बाकी साऱ्या न छापलेल्या नक्ष्या पुसल्या गेल्या.

इतर नक्ष्यांना नुसते क्रमांक देणारे आप्पा या एका फाइलपाशी थांबले. काहीतरी लिहिले, खोडले. मग हळूच म्हणाले, ‘‘भाऊ, हिला नाव काय देऊ?’’

आयुष्यभर कचेरीची पत्रे लिहिलेला मी अजून नावे लिहितो आणि खोडतो आहे. तुम्ही काय नाव दिले असते?