माझ्या धुऱ्यावर धावणारा शेषराव

इंडियाची बॅटिंग चालू असली की आमचा शेजारी शेषराव बसत नाही. उभाही राहत नाही. धावतो. तो थांबला की विकेट पडते, अशी त्याची समजूत. एकदा बुटाची लेस बांधायला वाकला आणि दोन गडी गेले. तेव्हापासून तो लेसवाले बूटच घालत नाही.

मोहगावच्या एका लग्नात आम्ही पंगतीला शेजारी बसलो होतो. त्याच्या खिशातल्या मोबाइलवर मॅच चालू. पानात मठ्ठा पडला आणि हा ताडकन उठून मांडवाभोवती धावायला लागला. नवरीच्या मामाला वाटलं चोर आहे, तो काठी घेऊन मागं. मॅच जिंकली तेव्हा शेषरावनं त्या मामालाच मिठी मारली. "मामाजी, तुमच्या मेहनतीनं जिंकलो ना आपण!"

हा बिजली ऑफिसातून रिटायर झालेला. साठी केव्हाच गेली. पाय कापसाच्या वाळल्या पऱ्हाटीसारखे. लग्न केलं नाही, म्हातारी आई होती, तीही गेली. आणि आई गेल्यावर ह्याला धावायचं खूळ लागलं. सौंसरहून बस पकडून छिंदवाड्याला, नागपूरला मॅरेथॉन धावायला जातो. नंबर नेहमी शेवटून पहिला. ह्याच्यामागं फक्त अँब्युलन्स असते. एकदा तर हा पोहोचला तेव्हा पोरं शर्यत संपायची कमान सोडून टेम्पोत टाकत होती. "थांबा रे!" म्हणून ओरडला, दोघांना कमान धरून उभी करायला लावली आणि खालून गेला. कोणी पुसलं, "थकला का?" तर छाती भात्यासारखी हलत असताना म्हणतो, "अभी तं वार्मअप हाय, भाऊ!"

मी ह्या माणसावर जळतो. आडपडदा कशाला ठेवायचा? माझे गुडघे उठताबसता कुरकुरतात म्हणून नाही. जळतो ते आमच्या सुमनमुळे.

सुमन माझी बायको. तिला क्रिकेटचं भारी वेड. मला त्यातलं ढेकळं कळत नाही. अकरा माणसं उन्हात उभी आणि काम एकच करतो, असल्या शेतमालकाचं दिवाळं निघेल. आमच्या घरामागं संत्र्याचा बगीचा आहे, त्याच्या कडेकडेनं धुरा, म्हणजे मातीचा बांध, आहे, आणि शेषराव त्या धुऱ्यावरून चकरा मारायचा. चक्कर आमच्या स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीपाशी आली की सुमन दारात.

"भाऊजी, किती झाले?"

"एकशे दहा, वहिनी! तीन गेले!"

"जमते मग!"

आणि भिंतीवर ताटलीत संत्र्याच्या फोडी, सोललेल्या, मीठ लावलेल्या. हा धावता धावता एक फोड उचलायचा, थांबायचा नाही. पुढच्या चकरेला पुन्हा तेच. बगीचा माझा, संत्री माझी, बायको माझी. मला मात्र संत्रं कधी सोलून मिळालं नाही. मागितलं तर म्हणायची, "तुमचे हात काय कापसात गुंतले?"

एक दिवस त्यानं तिला मॅरेथॉनचं मेडल, पोहोचणाऱ्या सगळ्यांनाच मिळतं ते, पाहायला दिलं. तर ही ते गळ्यात घालून भाकरी थापून राहिली! मी घेऊन दिलेला सोन्याचा गोफ सणावाराला निघायचा, आणि ह्याचं पत्र्याचं मेडल दोन दिवस उतरलं नाही.

मी शेषरावला सरळ म्हटलं, "जामसांवलीचा एवढा चांगला डांबरी रोड हाय. तिथं धाव ना बाप्पा. माह्या धुऱ्यावर काहाले मरतं? काटे हाय, साप हाय."

"रोडवर मजा नाही येत, भाऊ."

काय मजा ते मला कळत होतं. मी धुऱ्यावर बोराटीचे काटे आडवे टाकले. शेषराव बकरीसारखा उडी मारून गेला आणि सुमननं टाळ्या वाजवल्या. "पाहा हो, भाऊजी आता उड्याची शर्यत बी धावते!" दुसऱ्या दिवशी काटे मीच उचलले.

गेल्या पौषात सुमन गेली. दोन दिवस ताप, बस्स. मयतीला सगळे पांढऱ्या सदऱ्यात, आणि हा निळी, इंडियाची जर्सी घालून! माझं डोकं असं तापलं की काय सांगू. खांदा द्यायला आला तेव्हा बाहीवर हिरव्या दोऱ्याची शिवण दिसली. आमच्या घरी हिरव्या दोऱ्याचं एकच रीळ होतं. म्हणजे फाटलेली जर्सीही हिनंच शिवून दिली होती. मला ठाऊकच नव्हतं.

त्यानंतर शेषराव धुऱ्यावर आला नाही. जामसांवलीच्या रोडला धावतो, असं लोक सांगायचे. ब्याद टळली, म्हटलं. पण दुपारी मागचं दार उघडलं की बगीचा अंगावर यायचा. धुऱ्यावर गवत वाढून राहिलं होतं.

मग एका रविवारी मॅच लागली. चौकातून पोरांचा गलका ऐकू येत होता. मी बाहेर आलो तर शेषराव आपल्या ओट्यावर बसलेला. बसलेला! मोबाइल बाजूला बोंबलून राहिला आणि हा बसलेला.

"काय रे, आपली बॅटिंग हाय ना? विकेटा पडतीन ना!"

"पडू दे."

"बरं नाही का तुले? रोडवर नाही गेला?"

"गेलो होतो. तिथं कोणी पुसत नाही, भाऊ."

"काय पुसत नाही?"

"किती झाले, म्हणून." तो बुटाकडं पाहत राहिला. "आई गेली तं दिवस दिवस तोंडातून शब्द निघे नाही. एक दिवस सहज तुमच्या धुऱ्यानं चाललो होतो, तं वहिनीनं पुसलं, भाऊजी, किती झाले? मले कुठं माहीत! मले क्रिकेट येतच नव्हतं. दुसऱ्या दिवशीपासून मोबाइल घेऊन आलो. जेवढ्या चकरा, तेवढ्या खेपा पुसे."

"अन् थांबलं की विकेट पडते, ते?"

"ते लोकांले सांगाले. नाहीतर लोक म्हणतीन, हा काहाले फिरते इथं?"

 मी मागं बगीच्यात गेलो. झाडाचं एक संत्रं तोडून सोललं. माझी बोटं जाड, फोडी फुटल्या, अर्धा रस मनगटावरून कोपरापर्यंत. मीठ टाकलं आणि ताटली भिंतीवर ठेवली. मग त्याच्या ओट्याकडं तोंड करून ओरडलो, "गवत कापाले मले वेळ नाही! पायानं तुडवशील तं तुडव!"

थोड्या वेळानं धुऱ्यावर पाय वाजले. निळी जर्सी, हिरवी शिवण. भिंतीपाशी आला तसं मी पुसलं. 

"किती झाले?"

"एकशे साठ, भाऊ. चार गेले."

हे चांगलं की वाईट, देव जाणे. मी म्हटलं, "जमते मग."

त्यानं फोड उचलली आणि थांबला. भर बॅटिंगमध्ये, भिंतीला टेकून, उभा. मोबाइलमध्ये एकदम आरडाओरडा झाला, पाचवा गेला असावा. आम्ही दोघांनीही तिकडं पाहिलं नाही. तो सावकाश फोड चावत होता.

"मीठ जास्त झालं, भाऊ," तो म्हणाला. "वहिनी कमी टाके."

पाहा आता. हेही ह्यालाच माहीत.