परब काका वेबसाइट छापतात

सुरुवातीलाच माफी मागते. कोणावर काही लिहावं असा माझा अधिकार नाही. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नाही. पप्पा वाशिमकडून मुंबईला आले ते थेट सिक्युरिटीच्या युनिफॉर्ममध्ये शिरले. आईला छापील कागदाचा इतका धाक, की जुना पेपरसुद्धा ती मला विचारल्याशिवाय रद्दीत टाकत नाही. अशा घरातल्या मुलीने शेजारच्या वयस्कर माणसावर लिहायचं म्हणजे जरा जास्तच होतं. शिवाय हे वाचून परब काका लाल पेन घेऊन दारात उभे राहतील, ही भीती आहेच.

तर परब काका वेबसाइट छापतात.

'छापतात' हा शब्द त्यांचाच. मी बीएस्सी आयटीला प्रवेश घेतला तेव्हा मोठ्या उत्साहाने त्यांना म्हणाले, "काका, तुम्ही साइट अपडेट करता ना?" त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "अपडेट वगैरे आपण करत नाय. आपण अंक काढतो. काय गो कॉलेज, तुमच्यात अंक म्हणजे काय ते शिकवतात ना?"

तेव्हापासून मी त्यांच्यासाठी 'कॉलेज' झाले. माझं नाव त्यांना ठाऊक आहे, पण ते 'हेडिंगला लांब पडतं.'

काकांचं मुलुंड स्टेशनजवळ डीटीपीचं छोटं दुकान होतं. लग्नपत्रिका, व्हिजिटिंग कार्ड, सत्यनारायणाची निमंत्रणं, सगळं ते कॉम्प्युटरवर जुळवून द्यायचे. आता दुकान पुतण्या चालवतो आणि काका घरी बसून 'वाडीवार्ता' काढतात. आमची बिल्डिंग उभी आहे तिथे पूर्वी वाडी होती. वाडी पाडली, वर घरं मिळाली, पण अर्धी माणसं ती विकून बदलापूर, टिटवाळा, नालासोपारा अशी पांगली. कोणाचा मुलगा दहावी झाला, कोणाचं बारसं, कोण गेलं, हे सगळ्यांना कळावं म्हणून काकांनी ही वेबसाइट सुरू केली. ती बनवली मात्र लग्नपत्रिकेच्याच सॉफ्टवेअरमध्ये, कारण त्यांना दुसरं येत नाही आणि यायला नको आहे. प्रत्येक पान ए-फोर आकाराचं, चारी बाजूंनी मार्जिन, खाली पान नंबर. मोबाइलवर ते पान पोस्टाच्या तिकिटाएवढं दिसेल, असं मी एकदा सुचवून पाहिलं. "मग डोळ्याजवळ धरा," ते म्हणाले.

रविवारी सकाळी अंक 'मशीनला' जायचा. म्हणजे अपलोड व्हायचा. आधी जुना अंक सर्व्हरवरून पूर्ण पुसायचा, कारण 'रद्दीवर कोणी नवा अंक छापत नाय', आणि मग नवा चढवायचा. त्या वेळात घरात दुसरं काही चालवायचं नाही. काकूंचा मिक्सरसुद्धा नाही. आमच्या दारापर्यंत आवाज यायचा.

"अहो, चटणी वाटू की नको?"

"अंक जाऊंदे, मगे वाट!"

"जगाक बातम्या आणि घराक सुकी भाकरी!"

त्यावर काका काही बोलायचे नाहीत. त्यांना तसंही बोलता येत नाही. कोणाच्या घरी बारशाला गेले तर तोंडाने 'अभिनंदन' म्हणणार नाहीत, पण पुढच्या रविवारी पाळण्याच्या चित्रासकट पाव पान अभिनंदन येणार. माझी बारावी झाली तेव्हा जिन्यात भेटून त्यांनी फक्त विचारलं, "स्पेलिंग बरोबर आहे ना नावाचं?" आणि निघून गेले. बोललेला शब्द परत घेता येत नाही, त्याचं प्रूफ काढता येत नाही, असं त्यांचं म्हणणं.

हे ते कशावरून म्हणायचे ते वाडीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांची एकुलती एक मुलगी शुभा लग्न करून गेली तेव्हा ते प्रूफ न काढता बोलले होते. "ह्या घराशी तुझा संबंध संपला." एकदा आमच्या घरी मला हे सांगताना म्हणाले, "मुलगा आपल्यातला नव्हता." समोर बसलेली मीही त्यांच्या 'आपल्यातली' नव्हते. माझ्या मागच्या भिंतीवर आमच्या बाबासाहेबांचा फोटो होता. बराच वेळ ते त्या फोटोकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "आता तसलं काय वाटत नाय. पण छापून गेलं ते गेलं."

शुभाने जे घर सोडलं ते पाडलं गेलं, तिथला फोन बंद झाला. तिचा पत्ता यांच्याकडे नाही, यांचा नंबर तिच्याकडे नाही. मग वाडीतले शिंदे काका कुठल्याशा लग्नाला वापीला गेले, तिथे ती त्यांना भेटली. घाईत होती. शिंदेंनी तिला एवढंच सांगितलं, की तुझे बाबा वाडीची वेबसाइट काढतात, त्यात सगळं असतं. तिने साइटचं नाव मोबाइलमध्ये टिपून घेतलं.

'टिपून घेतलं' एवढ्या दोन शब्दांवर काकांचे पुढचे सगळे अंक निघाले. काकूंनी केलेल्या मालवणी खटखट्या लाडवांची बातमी झाली. काकूंचा मोतिबिंदू निघाला, ती बातमी झाली. टिटवाळ्याच्या माणसांना याचं काय करायचं होतं? पण प्रत्येक अंकात घरातलं काहीतरी असायचंच, आणि पहिल्या पानावर काकांचा फोन नंबर.

गेल्या वर्षी काकू गेल्या. माझ्या आईने विचारलं, "शुभाला कळवलं का, भाऊ?"

"अंकात टाकलंय," काका म्हणाले. "पान दोन."

पानावर फोटो नव्हता. काकूंचा जो एक बरा फोटो होता तो मोठा केला की फुटायचा, नुसते ठिपके दिसायचे, आणि फुटका फोटो काका छापत नाहीत. नुसता मजकूर होता, काळ्या चौकटीत. रविवारमागून रविवार गेले. प्रत्येक नव्या अंकात पहिलं पान बदलायचं, पान दोन तेच राहायचं. शुभा आली नाही. तिचा फोनही आला नाही.

"वाचलं असणार तिनं," एकदा काका म्हणाले. "मन घट्ट केलंय. माझ्यावर गेलीय." मग थोड्या वेळाने, "मरांदे."

त्यानंतर ते जेवणाच्या बाबतीत ढिले पडले. आई डबा द्यायची, तो संध्याकाळी तसाच परत यायचा. अंक मात्र चुकला नाही.

मग आम्हाला कॉलेजात एक काम दिलं: एखादी जुनी वेबसाइट शोधा आणि तिच्यात काय सुधारता येईल ते सांगा. मला वाटलं, आपल्याकडे तर घरचीच आहे. कँटीनमध्ये बसून मी मोबाइलवर 'वाडीवार्ता' उघडली. त्याआधी मी ती फक्त काकांच्या कॉम्प्युटरवरच पाहिली होती.

माझ्या मैत्रिणीने, रोशनीने, डोकावून पाहिलं. "ही कुठली भाषा आहे यार? रशियन?"

पानभर टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं, उलटी प्रश्नचिन्हं, मध्येच पौंडाची खूण. मराठी एक अक्षर नाही. आम्ही रोशनीच्या मोबाइलवर उघडलं, लॅबमध्ये उघडलं. सगळीकडे तेच.

कारण समजायला वेळ लागला नाही. काका दुकानातला जुना मराठी फाँट वापरतात. त्यात कॉम्प्युटर आतून इंग्रजी अक्षरंच साठवतो, फाँट फक्त त्यांना मराठी मुखवटा चढवतो. ज्या मशीनवर तो फाँट आहे तिथेच मुखवटा दिसतो. काकांच्या घरी तो होता. दर रविवारी ते 'दुसऱ्या मशीनवर खात्री' करायला पुतण्याच्या दुकानात जायचे, तिथेही तोच होता. बाकी जगात कुठेच नव्हता. फोन नंबरचे आकडेसुद्धा मराठी, त्याच फाँटमधले. तेही गेले होते.

मला घरी जावंसं वाटेना. हे सांगायचं म्हणजे एवढ्या वर्षांचे सगळे अंक कोणीच वाचले नाहीत असं सांगायचं. आणि न सांगावं, तर शुभाने मन घट्ट केलंय असं समजून हा माणूस जेवणाचे डबे परत पाठवत राहणार.

शेवटी मी काही न बोलता मोबाइल त्यांच्या हातात दिला.

"हे काय छापलंय?" त्यांनी तो डोळ्याजवळ धरला, लांब धरला. "कोणाचं काम?" मग त्यांचं बोट पानाच्या कडेवरून हळूहळू खाली गेलं. "मार्जिन माझं आहे."

"हो काका. तुमचाच अंक आहे."

मी जमेल तसं समजावलं. 

"शिंदे तर दर रविवारी सांगतो, अंक वाचला, झकास म्हणून."

मी खाली पाहिलं.

"सगळेच सांगतात," ते म्हणाले. मग एकदम, "शुभाकडे पण हे असंच?"

"असंच दिसत असणार."

मला वाटलं, आता हा माणूस कोसळणार. पण ते खुर्चीत सरसावून बसले. "म्हणजे तिनं वाचलंच नाय! कॉलेज, तिला ठाऊकच नाय गो! उगाच मी तिला..." त्यांचा चेहरा कितीतरी महिन्यांनी मोकळा झाला. आणि तसाच, माझ्यासमोर, परत मिटत गेला.

"म्हणजे तिच्या लेखी ही अजून आहे," ते भिंतीवरच्या काकूंच्या हार घातलेल्या फोटोकडे बघत म्हणाले. घरात लावलेला तो फोटो फुटकाच होता.

जुना मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मोबाइलवर मराठीच दिसेल अशा अक्षरांत, बदलून द्यायचं काम मी घेतलं. ते करणारे प्रोग्राम असतात, पण रफार हमखास दुसऱ्याच अक्षरावर जाऊन बसतो. काका माझ्यावर ओरडले, मग प्रोग्राम लिहिणाऱ्यावर ओरडले, आणि लाल पेनाने प्रूफ तपासायला बसले. पहिलं पान झालं. तिसरं झालं, चौथं झालं.

"पान दोन?"

"राहूंदे."

"काका, अंक अर्धा कसा चढवायचा?"

पुढे बरेच दिवस ते राहिलंच. एका सकाळी ते स्वतःच कागद घेऊन आले. त्यावर एकही लाल खूण नव्हती. "बरोबर आहे सगळं," म्हणाले. "चढव."

अंक मशीनला गेला. काकांच्या घरात मिक्सर लावणारं कोणी नव्हतं, तरी ते सवयीने स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले.

मग माझी परीक्षा आली. मी घरातच कोंडून घेतलं होतं, काकाही फारसे दिसले नाहीत. शेवटचा पेपर देऊन आले, तर ते आमच्या दारात चपला काढत होते. आईने पाण्याचा तांब्या दिला. त्यांनी तो हातात धरून ठेवला.

"शुभाचा फोन आलेला," ते म्हणाले.

आई खालीच बसली. "काय म्हणाली?"

"म्हणाली, बाबा, इतकी वर्षं नुसती खुणा दिसायच्या. मला वाटलं, मला वाचता येऊ नये म्हणून तुम्ही कुलूप घातलंय. आज पहिल्यांदा पहिल्या पानावर तुमचा नंबर दिसला, तसाच लावला." त्यांनी तांब्या दुसऱ्या हातात घेतला. "नंबर बघितला आणि लावला. पुढे वाचलंच नाय तिनं."

मी खुर्ची पुढे केली, पण काका उभेच राहिले.

"मग म्हणाली, आईकडे द्या ना."

"तुम्ही काय सांगितलंत?" मी विचारलं.

"माका बोलूक येता काय?" काका म्हणाले. "म्हटलं, पान दोन बघ."

त्यांनी तांब्या खाली ठेवला.

"तिनं फोन कानावरून काढला असणार. तिच्या घरात टीव्ही लागलेला, तो ऐकू येत होता. मी तसाच फोन धरून होतो. मग टीव्ही बंद झाला."