सायीच्या रंगाच्या बोक्याचं बारसं

एका जंगलात (कुठल्या ते विचारू नका, बाळांनो, तिथे तुमचे नातेवाईक निघाले तर माझी पंचाईत) एक बोका आला. रंगानं दुधावरच्या सायीसारखा. आणि अंगानं एवढा थोरला, की सशांनी वासरू समजून त्याला आधी नमस्कारच केला.

बोका म्हणजे वाघोबाचा मावसभाऊ. त्याला हाकलणार कोण? तेव्हा अप्पा हत्तींनी सभा बोलावली. अप्पा हे तिथल्या सगळ्या सभांचे अध्यक्ष. एकदा खुर्चीत बसले होते, तेव्हापासून ती दुसऱ्या कुणाच्या कामाची राहिली नव्हती.

"पाहुण्यांचं नाव?" अप्पांनी विचारलं.

"नाव कुठलं हो? मी असाच वाढलो," बोका म्हणाला. "पण जेवायचं कधी?"

"आधी बारसं! निनावी पाहुण्याचं पान मांडायचं कुणाच्या नावानं?"

झालं! हे सगळ्यांना पटलं. अस्वलानं वडामागे पातेलंभर खीर शिजवली आणि वर झाकण ठेवलं. नाव ठेवल्याशिवाय झाकण काढायचं नाही, असं ठरलं.

आता बारसं म्हटलं की बाळाच्या कानात नाव सांगायला आत्या हवी. बोक्याला कुठली आत्या? सगळे वळले चिमाआत्याकडे. ज्या बाळाला सख्खी आत्या नाही, त्याच्या पाळण्याशी चिमाआत्या उभी. आजवर एकाही बाळाला तिनं नाही म्हटलं नव्हतं. त्याचा तिला केवढा तोरा होता म्हणून सांगू!

पण मुलांनो, चिमाआत्या होती उंदरीण.

"अप्पा, त्याला आधी दोन घास वाढा ना," ती म्हणाली. "उपाशी आहे हो तो. आणि मला त्याच्या कानाशी जायचंय. कान तोंडाला किती लागून असतो, बघितलंय का कधी?"

"आत्याबाई, रीत म्हणजे रीत," अप्पा म्हणाले. "आणि तुमच्या धाडसाचं कौतुक आम्ही भाषणात करणारच आहोत."

भाषणात! चिमाआत्याला अस्सा राग आला. पण बोलते कुणाला? तोवर नावाची चर्चा सुरू झाली होती.

अप्पांना आपल्या आजोबांचं नाव हवं होतं, ऐरावतराव. मोर म्हणाला, "शी! किती जुनाट! क्रिवांश ठेवा."

"म्हणजे काय?"

"अर्थ कशाला हवा? दुसऱ्या कुणाचं नाही, हे पुरे नाही का?"

कोल्हा म्हणाला, "वनरत्नच ठेवावं लागेल. माझा फ्लेक्स छापून आलाय." फ्लेक्सवर कोल्ह्याचा हसरा फोटो होता. बोक्याचा नव्हता, जागा उरली नव्हती.

साळिंदरबाईंच्या भावना तर काटेश हे नाव सुचवायच्या आधीच दुखावल्या होत्या. उन्हं कलली तरी कुणी मागे हटेना. अखेर अप्पांनी तोडगा काढला, की सगळीच नावं ठेवायची. श्रीमंत ऐरावतराव क्रिवांश वनरत्न काटेश! टाळ्यांचा कडकडाट झाला. बोक्याला कुणी विचारलं नाही. त्यानं जांभई दिली, ती संमती धरली.

चिमाआत्यानं ती जांभई आतपर्यंत पाहिली. एवढं लांबलचक नाव सांगून होईपर्यंत आपण उरायचो नाही, हे तिला कळून चुकलं.

बोक्याला पाळण्यात घातलं. गळ्यात झेंडूच्या माळा घातल्या, अंगभर अत्तर चोपडलं. बिचाऱ्याला वडामागच्या खिरीचा वास यावा तरी कसा? त्याला दिसत होती ती फक्त चिमाआत्या.

ती जीव मुठीत धरून पाळण्यावर चढली. बोक्यानं ओठांवरून जीभ फिरवली. जवळून पाहिलं तर पोरगं भुकेनं पार कावलं होतं. आणि इतकी भीती वाटत असूनही आत्याला त्याची दया आली. आत्याच ती!

ती कानाशी वाकली. "कुर्र्र..." आणि मग हळूच म्हणाली, "बाळा, वडामागे खीर आहे. झाकण ढकल आणि खा पोटभर."

बोक्यानं अशी उडी मारली की पाळणा उलटा झाला.

"वा! नाव ऐकून स्वारी काय आनंदली बघा!" अप्पा म्हणाले आणि भाषणाला उभे राहिले. ते एवढे रंगले, की बोका वडामागे जाऊन आलेला कुणाला कळलाही नाही. मिशांपासून छातीपर्यंत खिरीनं माखला होता लबाड! पण खीर सायीच्या रंगाची आणि तोही सायीच्या रंगाचा. ओळखणार कोण?

चिमाआत्यानं सुस्कारा सोडला. तेवढ्यात हत्तीणबाई पुढे आल्या. "नाव सांगितलं ना? आता आत्याच्या पाठीत धपाटा घालायचा. रीतच आहे," असं म्हणत त्यांनी सोंड उचलली. चिमाआत्या जी पळाली ती थेट बिळात.

खिरीचं पातेलं रिकामं निघालं तेव्हा मोठा गहजब झाला. अप्पांनी चौकशी समिती नेमली आणि समितीच्या नावावर चर्चा अजून चालू आहे.

बोका तिथेच राहिला. अप्पा त्याला ऐरावतराव म्हणतात, मोर क्रिवांश म्हणतो. तो कान हलवत नाही. एकदा बिळापाशी येऊन त्यानं विचारलं, "आत्या, माझं नाव काय हो ठेवलंत?"

"कानात सांगितलं तेव्हा काय ऐकलंस?"

"खीर."

"मग तेच," चिमाआत्या आतूनच म्हणाली. "आवडलं का रे?"

"फार!" बोका म्हणाला. "पुन्हा एकदा सांगा ना कानात. बाहेर या."

"आज जेवलास का तू?"

बोक्यानं ओठांवरून जीभ फिरवली. चिमाआत्या काही बाहेर आली नाही.

तात्पर्य : नाव नेहमी लांबलचक आणि भारदस्त ठेवावं, मात्र ते कानात सांगायला दुसऱ्याची आत्या पाठवावी.