खेरडे हवालदारांची लाल नोंद

आमच्या गल्लीत एकच घर असं होतं, जिथल्या कॅलेंडरवर रविवार लाल नव्हते. डिसेंबरात नवं कॅलेंडर आलं की हवालदार उत्तमराव खेरडे निळं बॉलपेन घेऊन बसायचे आणि वर्षभराचे सगळे रविवार, सणवार, अगदी पंधरा ऑगस्टसुद्धा, गिरवून निळे करून टाकायचे. कारण विचारलं तर म्हणायचे, "रिपोर्ट असा हाये सर, लाल शाई आमच्या घरात चालत नाई."

त्यांचं प्रत्येक बोलणं रिपोर्टनंच सुरू व्हायचं. दूध नासलं, नळ आला, खेरडेकाकूंचे गुडघे दुखले, सगळ्याचा रिपोर्ट सकाळी माझ्या फाटकापाशी सावधान उभं राहून. मी शाळेतून निवृत्त झालेला मास्तर. अमरावतीत त्यांच्या शेजारी घर घेतलं तेव्हा वाटलं होतं, आता निवांत पेपर वाचू. पण एखाद्याचं इंग्रजी बरं आहे हे गल्लीला कळलं की त्याचा निवांतपणा संपलाच. दुसऱ्याच आठवड्यात हवालदार फायलींचा गठ्ठा घेऊन आले आणि पुढची अकरा वर्षं मी त्यांचा बिनपगारी कारकून झालो. आता फाटकाशी कुणी येत नाही. पेपर पूर्ण वाचून होतो, पण गोड लागत नाही.

काम एकच असायचं. फौजेतल्या त्यांच्या सर्व्हिस रेकॉर्डमध्ये लाल शाईनं एक नोंद होती. ती काढून टाका, असा अर्ज रेकॉर्ड ऑफिसला करायचा.

नोंदीची कथा अशी. भरती होऊन हवालदार पहिल्यांदा राजस्थानात, वाळवंटातल्या चौकीवर निघाले, तेव्हा वडिलांनी शेंदूरजनाघाटच्या आपल्या बागेतलं, स्वतःच्या हातानं बांधलेलं संत्र्याचं एक कलम ओल्या पोत्यात गुंडाळून त्यांच्याजवळ दिलं. जिथं जाशील तिथं लाव म्हणाले. आज्ञाधारक मुलानं लावलं. चौकीवर पाणी टँकरनं यायचं आणि मोजून मिळायचं. आपल्या वाट्याचं पुरेना म्हणून हा गडी टाकीतून रोज एक मग काढू लागला. एकविसाव्या दिवशी पकडला गेला. साहेबांनी समोर उभं करून समज दिली, कलम उपटून पुरावा म्हणून टेबलावर ठेवलं आणि रेकॉर्डवर लाल शाईत लिहिलं गेलं: पिण्याच्या पाण्याचा गैरवापर.

"गैरवापर कसा, सर?" हवालदार मला विचारायचे. "प्याचंच पानी होतं. झाड पेलं."

मला हा युक्तिवाद बिनतोड वाटायचा. रेकॉर्ड ऑफिसला वाटायचा नाही.

अर्जाला मी जरा मीठमसाला लावायचो. 'दोन घोट पाणी' असं लिहिलं की ते खोडायला लावून 'रोज एक मग, एकवीस दिवस' करून घ्यायचे. 'कडक उन्हाळ्यात' लिहिलं तर म्हणायचे, नाही, थंडी होती. स्वतःच्या गुन्ह्याचं माप असं काटेकोर भरून देणारा आरोपी मी दुसरा पाहिला नाही. एकदा मी वैतागून म्हणालो, पेन्शन बिनबोभाट मिळतंय, तो कागद आता कोण बघतं? ते रागावले नाहीत. चहाचा कप बशीत ठेवला आणि म्हणाले, "बाबा पाह्यते."

मग हळूहळू सांगितलं. नोंद झाल्यावर सुट्टीवर आले, तेव्हा त्यांनी घरी ही हकिगत गंमत म्हणून सांगितली होती. वडील हसले नाहीत. माझ्या हातच्या झाडानं पोराला डाग लागला, एवढंच बोलले. त्यानंतर त्यांनी कलमं विकली, पण प्रेमानं म्हणून कुणाला एक रोप दिलं नाही, लेकीच्या सासरीसुद्धा नाही. आणि हवालदारांनी ठरवून टाकलं की नोंद निघाल्याचा कागद हाती आल्याशिवाय बाबांसमोर बसायचं नाही. लग्नकार्याला जायचे, पंगतीत वाढायचे आणि वडिलांची नजर चुकवून परत यायचे. अर्ज चालू असल्याचं भावाकडून वडिलांच्या कानावर होतं, पण समोर न बसण्याचं कारण हवालदारांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. एसटीनं अडीच-तीन तासांची वाट, पण या माणसाला ती वर्षानुवर्षं सरली नाही. हे ऐकलं आणि मला माझ्या वैतागाची लाज वाटली.

गेल्या हिवाळ्यात शेवटचं उत्तर आलं. मुदत केव्हाच उलटून गेल्यामुळे विनंतीचा विचार करता येत नाही, यापुढे पत्रव्यवहार करू नये. त्याच आठवड्यात धाकट्या भावाचा फोन आला: नव्वदी उलटलेल्या बाबांनी अंथरूण धरलं आहे. हवालदारांनी पत्र खिशात घातलं आणि माझ्याकडे आले.

"चाला सर. जे हाये ते वाचून दाखवा. माह्याकून नाई होनार."

वरुड मागं पडलं, रस्त्याच्या दोन्ही अंगांना संत्र्याच्या बागा लागल्या. एरवी तोंड न मिटणारा माणूस खिडकीबाहेर बघत राहिला.

वडील ओसरीत बाजेवर होते. त्यांनी मुलाकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या पत्राकडे, आणि विचारलं, "आला का तो कागद?"

हवालदार सावधान उभे. मी पत्र उघडलं. खरं बोला म्हणून मुलांना आयुष्यभर छड्या मारल्या होत्या. चष्मा पुसला आणि सावकाश वाचलं, "हवालदार उत्तमराव खेरडे यांच्या रेकॉर्डमधली नोंद काढून टाकण्यात आली आहे. झाडाचा काही दोष नव्हता." शेवटचं वाक्य सरकारी पत्रात कुठून येणार? पण तोंडातून निघून गेलं.

मला वाटलं, आता हे दुरुस्ती सांगणार. एक शब्द बोलले नाहीत.

वडिलांनी डोळे मिटले. मग चाचपडत हात पुढं केला आणि मुलाचं मनगट धरलं.

"मले वाटे, तू माह्यावर चिडेल हायेस. म्हनून येत नाईस."

"अन् मले वाटे, तुमी चिडेल हाये," हवालदार म्हणाले, आणि त्रेसष्ट वर्षांचा तो माणूस खाली बसला आणि बाजेच्या काठाला कपाळ टेकवून हमसून रडला. मी पाणी प्यायचं निमित्त करून आत गेलो. माझीही स्थिती काही बरी नव्हती.

संध्याकाळच्या एसटीनं मी एकटाच परतलो. काकूंनी पाठवायच्या कपड्यांची यादी हवालदारांनी माझ्याजवळ दिली होती. बसमध्ये ती उघडून पाहिली. स्वेटर होता, मफलर होता, आणि त्यांच्याखाली उन्हाळ्याचे पातळ सदरेही लिहिलेले होते.