सहा कुप्या बोंबील

कल्पिताने सगळं नीट ठरवलं होतं. चूक व्हायला जागाच ठेवली नव्हती, आणि हे तिने आगर गावातल्या निदान पाच घरांत जाऊन सांगितलंही होतं.

बोंबलाच्या मांसातली प्रथिनं हा तिचा पीएचडीचा विषय. बोंबील पकडणाऱ्या घरात जन्मून पुन्हा बोंबीलच शिकायला कॉलेजात जायचं, याचं गावाला हसू यायचं. पण पोरगी चिकाटीची. प्रथिनं तपासायचं मोठं मशीन तिच्या कॉलेजात नव्हतं, ते तलासरीच्या सामायिक प्रथिन केंद्रात. जिल्हाभरचे संशोधक तिथे नंबर लावतात. कल्पिताचा नंबर अडीच महिन्यांनी लागला, गुरुवारी सकाळी दहाचा. सोमवारी अहवाल द्यायचा होता. तो चुकला की शिष्यवृत्ती बंद, आणि शिष्यवृत्ती बंद झाली की पीएचडीही गुंडाळून ठेवायची.

केंद्राच्या अर्जावर ठळक अक्षरांत एकच अट होती: नमुन्यात मीठ नको. मीठ असलं की मशीनला दुसरं काही दिसत नाही. कल्पिताने तीन दिवस खपून बोंबलाच्या रसातलं मीठ काढलं, अंगठ्याएवढ्या सहा कुप्या भरल्या आणि बुधवारी संध्याकाळी घरच्या फ्रीजरमध्ये ठेवल्या.

रात्री वीज गेली. आगरात वीज जाते, त्यात सांगण्यासारखं काही नाही. पहाटे तिची आई जमुना उठली तेव्हा फ्रीजरमधून पाणी ठिबकत होतं. लेक थकून झोपलेली. जमुनाने कुप्या खोक्यात घालून वर मासळीसाठी आणलेला ताजा बर्फ भरला. पण नुसत्या बर्फावर विसंबेल ती जमुना कसली? चाळीस वर्षं मासे सुकवलेली बाई. माल नरम पडतोय असं वाटलं की तिचा हात आपोआप मिठाच्या डब्यात जातो. तिने एकेक झाकण उघडून चिमूट चिमूट मीठ सोडलं. चार कुप्या झाल्या. उरलेल्या दोन कुप्यांची झाकणं काही तिच्या बोटांना दाद देईनात, म्हणून त्या तशाच राहिल्या. लेकीला हे सांगायचं तिच्या मनातही आलं नाही. भातात पाणी घातलं, हे कोणी कोणाला सांगतं का?

सकाळी बर्फाने गच्च भरलेला खोका बघून कल्पिता खूश झाली. आईने मांडीवर खोका घेतला आणि मायलेकी स्कूटरवरून तलासरीला वेळेत पोचल्या. जमुना बाहेर बाकावर बसली.

केंद्रात मशीन चालवायला भाविक होता. घरी गुजराती, कामावर मराठी. त्याने पहिल्या कुपीतला थेंब छोट्या मीटरवर ठेवला आणि भुवया वर केल्या.

"बेन, यात तर मीठ आहे."

"शक्यच नाही. तीनदा काढलंय."

"मीटर बोलते, मी नाय बोलत."

"मग मीटर बिघडलंय."

भाविकने साधं शुद्ध पाणी ठेवून दाखवलं. मीटर शून्यावर गप्प बसलं. मग कल्पिताने डोकं चालवलं. काल इथे कोणाचा नंबर होता? दिपकचा. दिपक चिकूच्या प्रथिनांवर काम करायचा आणि नेमका शेजारच्याच खोलीत होता.

"त्याने भांडी नीट धुतली नसणार," कल्पिता म्हणाली आणि तक्रारवहीत तसं लिहूनही मोकळी झाली.

"अगं, चिकूत मीठ कुठून येईल?" दिपकने दारातून विचारलं.

"लोक कशालाही मीठ लावून खातात."

आवाज ऐकून केंद्रप्रमुख क्रांती मॅडम आल्या. त्यांनी वही वाचली. नियम म्हणजे नियम. लेखी तक्रार आली की मशीन बंद करून पूर्ण धुवायचं, म्हणजे संध्याकाळ होणार. आजचा नंबर गेला, पुढचा दोन महिन्यांनी. कल्पिताने वहीकडे पाहिलं. आता तक्रार मागे घ्यावी तर खोटं पडायचं, न घ्यावी तर पीएचडी जायची.

मिठावरून चाललेली भांडणं बाहेर जमुना केव्हाची ऐकत होती. ती दाराशी चपला काढून आत आली.

"मीठ ना? ते मी घातलंय."

कल्पिता गर्रकन वळली.

"आई, का?"

"वीज नव्हती गो. माल गेला असता."

"तो माल नाही, नमुना आहे."

"बोंबीलच ना?"

मॅडमनी वही पुढे सरकवली. 'तक्रारीचे निवारण' या रकान्यात कल्पिताने लिहिलं, 'आईने कबूल केले.' मग दिपकची माफी मागितली. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. पण मीठ पुन्हा काढेपर्यंत तिची सकाळची वेळ टळणार होती. दिपक मनाचा मोठा. आज दुपारचाही नंबर त्याचाच होता, तो त्याने तिला दिला आणि आपले चिकू आठवडाभर पुढे ढकलले.

भाविकने बारीक गाळण्या लावून चार कुप्यांतलं मीठ काढलं. दुपारी सगळे पडद्याभोवती जमले.

"जुओ बेन, हे बघा," भाविक म्हणाला, "मीठवाले चारे चार एकदम बराबर. बिनमीठवाले दोन रातभर नासले. खलास."

जमुनाने मान डोलावली. तिला यात नवीन काही नव्हतं.

पण अर्जात मिठाचं प्रमाण लिहिणं भाग होतं. भाविकने नाजूक वजनकाट्यावर कागद ठेवला आणि जमुनाला चिमूट सोडायला सांगितलं. तिने तीनदा सोडली, तीन वेगळे आकडे आले.

"मावशी, असं कसं?"

"मासा बघून घालायचं असतं. कागद बघून कसं समजेल?"

कल्पिताने 'अंदाजे' लिहिलं आणि पुढे 'प्रक्रिया करणाऱ्याचे नाव' या रकान्यात आईचं नाव घातलं. सोमवारी अहवाल गेला, शिष्यवृत्ती वाचली. पाच घरांपैकी एकाही घरात मात्र ती या वेळी सांगायला गेली नाही.

आठवड्याने क्रांती मॅडमचा फोन आला. केंद्रातली वीज दिवसभर गेली होती आणि पुढे ढकललेले दिपकचे चिकू नासायला लागले होते.

"कल्पिता, तुझ्या आईंना विचारतेस का? चिकूला मीठ किती घालायचं?"

कल्पिता कागद-पेन घेऊन अंगणात गेली. जमुना काठीवर बोंबील अडकवत होती. तिने मागे वळूनही पाहिलं नाही.

"आधी चिकू दाखव म्हणावं. न बघता मी नाय सांगणार."

कल्पिताने फोन कानाला लावला.

"मॅडम, त्या जरा कामात आहेत," ती म्हणाली. "नमुना पाठवून द्या. बघून सांगतील."