वाचनालयाखालचा तलाव

"आपल्या वाचनालयाच्या जागी पूर्वी पोहण्याचा तलाव होता," बाईंनी फळ्यावर लिहिलं आणि वर्गाकडे वळून म्हणाल्या, "हे खरं की खोटं, शोधून आणा. आणि जे सापडेल ते पुढच्या तासाला सगळ्यांसमोर उभं राहून सांगा."

हे वाक्य बाईंनी वर्गात येता येता जिन्यात रचलं होतं. शुद्ध थाप! मुलं शोधतील, हाती काही लागणार नाही, आणि 'पुरावा मिळाला नाही' असं चारचौघांत न लाजता सांगायला शिकतील, असा त्यांचा बेत होता. बाई या कॉलेजात नव्या. त्या लेखन आणि वक्तृत्व शिकवायच्या, शोध कसा घ्यावा हे ग्रंथपाल शिकवायचे, आणि दोघांनी मिळून हा तास मोठ्या हौसेने सुरू केला होता.

घोटाळा झाला तो या जोडीमुळेच. ग्रंथपालांनी सांगितलं होतं, "जुन्या माणसांना विचारा." बाईंनी सांगितलं होतं, "चाचरू नका, ठामपणे बोला." मुलांनी दोघांचंही ऐकलं. फाटकावरच्या पहारेकऱ्याला गाठून त्यांनी ठामपणे विचारलं, "काका, तो तलाव केवढा खोल होता हो?"

'माहीत नाही' म्हणणं पहारेकऱ्याच्या स्वभावातच नव्हतं. "अरे, डोक्यावरून पाणी!" तो म्हणाला. त्याच्याकडून प्रयोगशाळेतल्या मावशींनी ऐकलं आणि त्यांना पाण्याचा निळा रंग आठवला. मावशींकडून हिशेबनिसांनी ऐकलं, तर त्यांची एक चप्पलच त्यात बुडालेली निघाली. शेवटी गोष्ट प्राचार्यांच्या कानावर गेली. ते याच कॉलेजचे माजी विद्यार्थी. डोळे मिटून ते म्हणाले, "अहो, मी पोहायला शिकलो तो त्याच तलावात!"

दुसऱ्या दिवशी कंत्राटदार हजर. वाचनालयाची फरशी उखडून तलाव पुन्हा उजेडात आणायचा, असं ठरलं.

"बाई, माझी पुस्तकं कुठे नेऊ मी?" ग्रंथपाल रडकुंडीला आले. "डोक्यावर घेऊन फिरू?"

बाई तडक प्राचार्यांकडे गेल्या. "सर, तलाव नव्हताच. तो मी जिन्यात रचला."

"जिन्यात?" प्राचार्य समजुतीने हसले. "बाई, तुम्ही इथे काल आलात. माझ्या नाकातोंडात गेलंय त्याचं पाणी. तुम्हाला काय माहीत?"

तासाच्या दिवशी प्राचार्य पहिल्या बाकावर बसले, शेजारी मोजफीत घेऊन कंत्राटदार. मुलं एकामागून एक उठली आणि अशी बोलली, की बाईंनाही पाण्याचा वास येऊ लागला. आपणच रचलेली थाप आपल्याला खरी वाटू लागली, याची त्यांना धास्तीच वाटली.

मग पणताई उठली. प्रत्येक वाक्याला तिचं 'पण' तयार असे, म्हणून वर्गाने ठेवलेलं हे नाव.

"तलाव होता असं सगळे म्हणतात. पण मी प्रत्येकाला फक्त एवढंच विचारलं, की हे तुम्हाला कुणी सांगितलं? हिशेबनिसांना मावशींनी, मावशींना पहारेकरीकाकांनी, काकांना आमच्याच वर्गाने. ग्रंथपालसरांनी या जागेचे जुने फोटो काढून दिले. सगळ्यांत नुसतं मैदान. आणि आमच्या वर्गाला सांगितलं..." तिने बोट सरळ समोर रोखलं. "बाईंनी. पण बाईंकडे पुरावा नाही."

बाईंच्या अंगावर काटा आला. आपण खरं बोललो तेव्हा कुणी ऐकलं नव्हतं. या एवढ्याशा पोरीने मात्र अख्ख्या कॉलेजच्या आठवणींचा उगम शोधून काढला, आणि बोट दाखवताना आपल्या बाईंनाही सोडलं नाही. बाईंना तिच्या पायाच पडावंसं वाटलं.

कंत्राटदाराने मोजफीत गुंडाळली. "फरशी राहू दे," प्राचार्य हळूच म्हणाले. ग्रंथपाल मटकन खुर्चीत बसले.

प्राचार्य दारापर्यंत गेले, थबकले आणि कावरेबावरे होऊन वळले. "पण मला पोहता येतं हो! मग मी शिकलो कुठे?"

पणताईने पेन उघडलं.

"सर, तुम्हाला पोहता येतं, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"