नियमाने वाटेत उभे राहणे

दुसऱ्याच्या वाटेत उभे राहणे हा अपराध नाही. उभे असताना हलणे हा अपराध आहे. बास्केटबॉलची ही शिकवण इंडियानातल्या आमच्या पेल्टन गावाइतकी कोणी मनावर घेतलेली नाही.

आपला गडी मोकळा व्हावा म्हणून त्याच्या मागे लागलेल्याला आडवे उभे राहायचे, याला स्क्रीन म्हणतात. पाय खांद्यांइतकेच फाकवावेत. हात छातीशी घ्यावेत (बरगड्या आपल्याच असतात). कोणाच्या पाठीमागे उभे राहायचे तर त्याला वळायला पाऊलभर जागा सोडावी. यानंतर जो आदळेल, तो त्याचा प्रश्न. पेल्टनमधल्या दर तीन बरगड्यांपैकी एक नियमानुसार मोडलेली आहे. चर्चच्या सहभोजनात गोडाच्या टेबलासमोर आमच्या आज्याही अशाच उभ्या राहतात. पाद्रीबुवा हात हलवत परततात. पण फाउल एकही नाही.

यंदा अंतिम सामन्यात शेजारच्या हॅलर्सबर्गशी गाठ होती. अखेरच्या क्षणी आम्ही एका गुणाने मागे. आमचा धिप्पाड कॉर्लिस मैदानाच्या कडेच्या रेषेजवळ आडवा उभा राहिला, हॅलर्सबर्गचा लाइल त्याच्यावर आदळून पालथा पडला, आणि आमच्या ड्युईने निवांत बास्केट केली. कॉर्लिस हलला होता का, यावर पंचांचा विचारविनिमय सुरू झाला. हलला असेल तर बास्केट रद्द, चषक त्यांचा. संशयाला जागा नको म्हणून कॉर्लिस तसाच उभा राहिला.

लाइलची आई ओपल पेशाने परिचारिका, आणि कॉर्लिसची सख्खी मावशी. ती औषधांची पेटी घेऊन धावत आली.

"सरक रे, मेल्या!"

"कसा सरकू, मावशी? पंच बघतायत."

"माझं पोर श्वास घेईना झालंय!"

"मीही घेत नाहीये, मावशी. छाती हलते."

ती वळसा घालायला गेली. पण सामना संपण्याआधी जागा सोडली की नशीब फिरते, असे आमचे गाव मानते. आणि निकालाआधी सामना संपत नाही. मैदानाच्या कडेला सारे पेल्टन उभे होते. हात छातीशी, पाय खांद्यांइतके. गावचे डॉक्टरसुद्धा. शेवटी ओपलने त्या रांगेतल्या पाद्रीबुवांना कोपराने ढकलले.

पंचांनी तत्काळ शिट्टी फुंकली. "धक्का! फाउल!"

कॉर्लिस हलला नव्हता असे ठरून बास्केट मान्य झाली. स्पर्धेच्या चौकशी समितीने गावाच्या शिस्तीची प्रशंसा केली आणि ओपलला पुढील हंगामभर प्रवेशबंदी केली. लाइल पुढे आपला आपण उठला. त्यावरून आईची घाई अनाठायी होती, हेही समितीने नमूद केले. (तो अजून तिरका चालतो.)

वाचकहो, आपल्याही गावात कोणीतरी पेटी घेऊन धावत येतच असेल. आपण ढकलत नाही, ओरडत नाही, हातही पसरत नाही. नुसते उभे आहात.

अभिनंदन. हलू नका.